बाण होता, तारा नव्हता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या खगोल मंडळाची धुरा वाहणारे अध्यक्षमहोदय. व्यासपीठावर दाटीवाटीने, पण प्रसन्न मुद्रेने बसलेले वेधशाळेचे संचालक, छापखान्याचे मालक आणि अन्य मान्यवर. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला त्या सत्कारमूर्ती, आपल्या त्रैमासिकाच्या संपादिका. पुढच्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान आणि नव्वदीतही ताठ बसलेल्या त्यांच्या सासूबाई. आणि ज्यांचे शोधनिबंध या त्रैमासिकात छापून आले ते, व ज्यांचे परत आले ते (सभागृहात संख्या दुसऱ्यांचीच जास्त दिसते), अशा सर्व बंधुभगिनींनो,

निरोपाच्या भाषणात गळा दाटून आला पाहिजे असा संकेत आहे. माझा दाटलेला नाही. मला आज इतका आनंद झालाय की तो कुठे ठेवू असं झालंय. त्याचं कारण सांगायलाच उभा आहे. ते ओघात येऊ द्या. मुद्द्यावर लगेच आलो तर लोकांना वाटेल, वक्त्याची तयारी नव्हती.

मी एका दैनिकाचा वार्ताहर. शिक्षण संस्कृतचं. आकाशाशी माझा संबंध इतकाच की काव्यात चंद्र आला तर त्याचे चार अर्थ सांगतो, आणि खिडकीत आला तर तो वाढतोय की घटतोय हे बायकोला विचारतो. अशा माणसाला इथे बोलायला का उभं केलं? तर शास्त्रज्ञ मंडळींनी एकमेकांना सुचवून पाहिलं, आणि प्रत्येकाने सांगितलं, "मी बोललो तर माझा परत आलेला निबंध मध्ये येईल." सत्कारमूर्तींना समोर सगळे 'बाई' म्हणतात. पाठीमागे 'साभारताई'. निबंध परत पाठवताना 'साभार परत' हे दोन शब्द त्या स्वतःच्या हाताने लिहीत, आणि अक्षर इतकं सुंदर की काहींनी ते चौकटीत लावून ठेवलंय म्हणतात. संचालकसाहेब, तुम्ही मान खाली का घातलीत?

तर हे त्रैमासिक. ते सुरू केलं तिघांनी: वेधशाळेतला एक वेधक, एक गणिताचे मास्तर आणि एक घड्याळजी. घड्याळजी कशाला? एक तर वेध घ्यायचा म्हणजे वेळ अचूक हवी. आणि दुसरं, तिघांत मोठं टेबल त्याच्याच दुकानात होतं. पहिला अंक त्या टेबलावर जमला. तो मी पाहिलाय. त्यातला पहिला शोधनिबंध, शब्दशः सांगतो: "धूमकेतू अपेक्षित होता. रात्रभर ढग होते. काही दिसले नाही." संपला निबंध. आता आमच्या दैनिकात असं काही नेलं असतं तर संपादकांनी मला दिसेनासं केलं असतं. पण त्या तिघांनी ते छापलं, आणि शिरस्ताच पडला. आजही प्रत्येक अंकाच्या शेवटी एक पान असतं, 'पाहिले, पण दिसले नाही'. कोणी कुठे काय शोधलं आणि ते सापडलं नाही, याची प्रामाणिक नोंद. आमच्या मीमांसकांनी 'अनुपलब्धी' हे ज्ञानाचं एक स्वतंत्र साधनच मानलंय: फळीवर घागर दिसत नाही, म्हणजे ती तिथे नाही असं कळलं, आणि हेही कळणंच. घरी चष्मा सापडत नाही तेव्हा मी हे सांगून पाहतो. उपयोग होत नाही.

दुसरा शिरस्ता घड्याळजीने पाडला. अंक ठरल्या दिवशी निघणार म्हणजे निघणार. छापखान्यात पुराचं पाणी शिरलं तेव्हा तो सायक्लोस्टाईलवर निघाला. एक संपादक प्रुफं वाचतावाचता गेले, तर त्यांच्याबद्दलचा शोकलेख त्याच अंकात, शेवटच्या पानावर, वेळेवर. मंडळाला याचा फार अभिमान होता. ग्रह मागेपुढे होतील, आपला अंक होणार नाही.

आणि हा अभिमान मोडताना मी डोळ्यांनी पाहिला. ती गोष्ट ऐका.

मी तेव्हा नोकरीत नवा होतो. त्रैमासिकाच्या वर्धापनाची पाच ओळींची बातमी आणायला मला पाठवलं होतं. बाईही नव्या होत्या. तात्पुरती नेमणूक, आणि त्यांच्या नावाचा हा पहिलाच अंक. छापखान्याच्या बांधणीच्या खोलीत अंकांच्या थप्प्या लागलेल्या. शाईचा ओला वास. दारात तेव्हाचे अध्यक्ष हातात घड्याळ घेऊन उभे, कारण दुपारी टपालात अंक पडेपर्यंत तसं उभं राहण्याची त्यांची पद्धत होती. त्यांना सगळे 'घड्याळकाका' म्हणत. बाईंनी वरचा एक अंक उचलला, मधलं पान उघडलं, आणि जागच्या जागी थिजल्या.

पानावर आकाशाची दोन छायाचित्रं होती. तुमच्या शास्त्रात आकाश पांढरं आणि तारे काळे छापतात, हे मला त्या दिवशी कळलं. ठिपके स्पष्ट दिसतात म्हणे. पहिलं छायाचित्र जुनं. दुसरं त्याच जागेचं, नवं, आणि त्यात एक नवा तारा एकाएकी पेटलेला. त्याच्याकडे बोट दाखवणारा एक छोटा बाण. बाण जागेवर होता. तारा नव्हता. बाण अगदी आत्मविश्वासाने कोऱ्या कागदाकडे बोट दाखवत होता.

आता हा तारा कुणाचा? वेधशाळेतल्या एका तरुण संशोधिकेचा. तिला तो एकाच रात्री, एकाच काचेच्या प्लेटवर मिळाला होता. पुढे ढग आले, आणि ढग गेले तेव्हा तारा विझला होता. जगात दुसऱ्या कुणी तो पाहिला नव्हता. तिचे मार्गदर्शक म्हणाले, "अगं, धूळ आहे ती. काचेवर बसली असेल." त्यांनी निबंधावर आपलं नाव घालू दिलं नाही. वेधशाळेत तिला 'धूळवाली' म्हणायला लागले. जेवणाच्या सुट्टीत कुणी टेबल पुसलं की दुसरा म्हणायचा, "जरा बघून पूस, शोध पुसला जाईल."

पण पोरीकडे एक मुद्दा होता, आणि तो मला संस्कृतवाल्यालाही पटला. त्या रात्री दुर्बीण किंचित सरकली होती. त्यामुळे प्लेटवरचा प्रत्येक तारा गोल न येता जरासा लांबट आला होता, तांदळाच्या दाण्यासारखा, आणि सगळे एकाच दिशेला कललेले. हा नवा ठिपकाही तसाच लांबट, तसाच कललेला. धूळ काही दुर्बिणीबरोबर सरकत नाही! सगळा निबंध या एका आकारावर उभा होता. बाईंनी प्लेट स्वतः मागवून भिंगाखाली तपासून घेतली, दोन परीक्षकांना दाखवली, आणि निबंध घेतला. त्याच दिवशी चार वाजता वेधशाळेची निवड समिती बसणार होती. पोरीची नोकरी राहणार की जाणार हे ठरणार होतं, आणि तिच्या बाजूने बोलणारा पुरावा म्हणजे हा अंक.

तर तारा गेला कुठे? छापखान्यात टचिंगमास्तर होते. फिल्मवर धुळीचे कण आले की पात्याच्या टोकाने खरवडून काढायचे, हे त्यांचं काम. बाईंनी त्यांना बोलावलं. मास्तरांना वाटलं, बाईंच्या पहिल्याच अंकाबद्दल कौतुक होणार.

"मास्तर, इथे एक ठिपका होता."

"होता ना. काढला."

"का काढला?"

"अहो बाई, मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून एकेक ठिपका जुळवला. सकाळपासून मान मोडली. हा एकच जादा निघाला. जुन्यात नाही, म्हणजे कचराच. नाही का?"

"मास्तर, तो जुन्यात नाही म्हणूनच तर आपण छापतोय!"

मास्तर मटकन खाली बसले. मंडळी, त्या माणसाच्या तर्कात खोट काढून दाखवा. ज्या कारणासाठी शास्त्रज्ञाने ठिपका ठेवला, नेमक्या त्याच कारणासाठी मास्तरांनी तो काढला. आणि प्रुफात हे कळलं कसं नाही? तर त्या काळी प्रुफात चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी असत. चित्रं अगदी शेवटी बसत.

तेवढ्यात ती संशोधिका आली, अंक घ्यायला. तिने पान पाहिलं. रडली नाही. नुसतं म्हणाली, "म्हणजे आता छापील धूळवाली."

मास्तर ताडकन उठले. "बाई, एक ठिपका ना? माझ्याकडे केसाएवढ्या टोकाचा ब्रश आहे. बसतो आणि टपालाच्या आत सगळ्या अंकांत काढून देतो. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"तेच तर, मास्तर," बाई म्हणाल्या. "कुणाच्या बापाला कळणार नाही."

घड्याळकाकांना मात्र कल्पना पसंत पडली. "उत्तम! अंकही वेळेवर, ताराही जागेवर."

पोरगी बाईंच्या समोर आली. "काढू द्या ना, बाई. तारा होताच तिथे. खोटं थोडंच आहे?"

तिच्या आवाजात जे होतं ते ऐकून मी तरी ब्रश उचलला असता. बाईंनी तिचा हात धरला. "ऐक. तुझा सगळा मुद्दा त्या ठिपक्याच्या आकाराचा. मास्तरांनी ब्रशने काढलेला ठिपका मास्तरांच्या हाताच्या वळणाचा येणार. उद्या कुणी भिंग लावलं, तर तुझा तारा तर जाईलच, पण या त्रैमासिकातला एकही तारा मग खरा राहणार नाही. प्लेट आहे ना तुझ्याकडे? तिच्यावरून कागदावर प्रिंट काढ. खरे. आपण प्रत्येक अंकात चिकटवू."

"आणि टपाल?" घड्याळकाका.

"अंक आज जाणार नाही."

घड्याळकाकांनी हातातलं घड्याळ बाईंच्या डोळ्यांसमोर धरलं. "बाई," ते म्हणाले, "पुरातसुद्धा हा अंक थांबला नाही. आणि तुमची नेमणूक तात्पुरती आहे, याची आठवण असू द्या."

"माझी आहे," बाई म्हणाल्या. "छापलेलं कायमचं असतं."

मित्रहो, मी पाच ओळींच्या बातमीसाठी आलो होतो. सहावी ओळ तिथेच सुरू झाली.

मग काय गडबड उडाली म्हणता! पोरगी वेधशाळेच्या डार्करूमकडे पळाली आणि ओले प्रिंट घेऊन परत आली. बांधणीच्या खोलीत दोऱ्या बांधल्या, प्रिंट वाळत घातले. मास्तर कात्रीने एकेक चौकट कापायला बसले. एवढ्या हळुवार हाताने मी अजून कुणाला कागद कापताना पाहिलं नाही. बाईंनी घरी निरोप धाडला. यजमान आले, आणि त्यांच्यामागून सासूबाई. त्यांनी माझ्या हातातला गोंदाचा ब्रश काढून घेतला. "अहो, गोंद लावताय की खोली सारवताय? कडांना लावा, कडांना. आणि तुम्ही कोण? वार्ताहर? मग बोलू नका, कापा." सासूबाई, आपल्याला आठवत नसेल, पण माझ्या शर्टाच्या बाहीला ते चांगलंच आठवतं.

सगळे अंक पुरे व्हायला पुढचा आठवडा उजाडणार होता. पण चारची समिती थांबणार नव्हती. म्हणून पहिला जो अंक तयार झाला तो काखेत मारून बाई निघाल्या, पोरगी बरोबर, आणि बातमीच्या वासावर मी. निवड समितीसमोर टेबलावर अंक ठेवला. समितीच्या अध्यक्षांनी मधलं पान उघडायला घेतलं. उघडेना! गोंद ओला. दोन्ही पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. त्यांनी नखाने प्रयत्न केला, मग पट्टीने.

तिचे मार्गदर्शकही समितीवर होते. ते म्हणाले, "वा! तारा दिसत तर नाहीच, आता पानही दिसत नाही."

सगळे हसले. पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आणि बाईंनी काय करावं? त्यांनी कोपऱ्यातली चहाची किटली उचलली, झाकण काढलं, आणि समितीसमोर, त्या सगळ्या सूटबूटवाल्यांसमोर, अंक वाफेवर धरला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, पापड भाजावा तसा. पान हलकेच सुटलं. एका कोपऱ्याचं अक्षर थोडं उडालं, पण चौकट शाबूत. अध्यक्षांनी भिंग मागवलं. बराच वेळ पाहिलं. मग अंक मार्गदर्शकांपुढे सरकवला. "तुम्हीच पाहा. हा लांबट आहे की नाही? बाकीच्यांसारखाच?"

मार्गदर्शकांनी पाहिलं. "आहे," ते म्हणाले. पुढे म्हणाले, "पण लांबट असणं म्हणजे तारा असणं नव्हे."

बरोबरच होतं त्यांचं. समितीने निकाल दिला तो न्यायाला धरून: सिद्ध झालेलं नाही, असिद्धही झालेलं नाही, मुलीला काम करू द्यावं. पोरीची नोकरी राहिली. 'धूळवाली' हे नावही राहिलं.

आणि बाईंचं काय झालं? अंक उशिरा गेला. घड्याळकाकांनी इतिवृत्तात लाल शाईने नोंद केली आणि बाईंची नेमणूक तात्पुरतीच ठेवली. ते गेले, त्यांच्यानंतरचे अध्यक्ष गेले. नेमणूक दरवर्षी पुढे ढकलली जायची, कायम करायचं कुणाला सुचलंच नाही. आज या तात्पुरत्या बाई निवृत्त होताहेत. यजमानांच्या चेहऱ्यावरून दिसतंय की कायम झाल्या असत्या तर घरी आल्याच नसत्या.

पण मंडळी, प्रश्न उरलाच ना? तो तारा होता की धूळ? असे काही तारे म्हणे पुन्हा पेटतात, पण कधी, ते सांगत नाहीत. ती संशोधिका दरवर्षी, त्या जागेचं आकाश दिसू लागलं की, दुर्बीण तिकडे वळवायची. आणि दरवर्षी त्रैमासिकाच्या शेवटच्या पानावर तिची एक ओळ: "त्या जागी पाहिले, पण दिसले नाही." काचेच्या प्लेटा गेल्या, फिल्म गेली, टचिंगमास्तर निवृत्त झाले, अंक कॉम्प्युटरवर जुळायला लागला, परदेशातले वाचक तो घरबसल्या उघडायला लागले, ओळ तीच. तिच्या केसांत पांढरे आले. नव्या पोरांनी तिला विचारलं, "मॅडम, अजून बघता?" ती म्हणायची, "दिसत नाही हे तरी बघायला नको?" दर वर्षी ती ओळ छापताना बाई स्वतःच्या पहिल्या अंकावरचा डाग पुन्हा छापत होत्या. एकदाही त्यांनी ओळ गाळली नाही.

आणि आता तुमच्या खुर्च्यांच्या कडा घट्ट धरा.

गेल्या आठवड्यात, फार लांबच्या एका वेधशाळेने कळवलं: त्या जागी, नेमक्या त्याच जागी, तारा पेटलाय!

टाळ्या थांबवा, थांबवा. बाई माझ्याकडे कशा बघताहेत पाहा. त्यांनी मला बजावलंय, "एवढ्यात छापू नका." बोलू नका असं म्हणाल्या नव्हत्या. ही बातमी आली तेव्हा मी त्यांच्या कार्यालयात होतो. संशोधिका जिना चढून धापा टाकत आली. पन्नाशी उलटलेली बाई, पण जिन्यावरची पावलं ऐकली असतीत तर शाळा सुटली म्हणाला असतात. "बाई! अंक थांबवा! तुमचा शेवटचा अंक आहे. यात गेलंच पाहिजे!"

बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. बातमीचा कागद त्यांनी दोनदा वाचलेला मी प्रथमच पाहिला. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "एकाच रात्रीचं निरीक्षण आहे."

"बाई!"

"एका रात्रीवर आपण एकदा विसंबलो, कारण दुसरी मिळणारच नव्हती. आता मिळेल. तारा वर आहे. तू दुसरी रात्र आण, तुझ्या दुर्बिणीतून. मग नव्या संपादकांना दे. त्यांच्या अंकात येईल."

"पण तुमच्या अंकात..."

"अंक माझा कधी होता गं?"

आणि अंक गेला. ठरल्या दिवशी, तारा न घेता. ज्या बाईंनी अंक थांबवला म्हणून लाल शाईची नोंद खाल्ली, त्यांनी स्वतःच्या विजयासाठी तो थांबवला नाही. त्या दिवसापासून रोज ढग आहेत. संशोधिका रोज दुर्बिणीपाशी जाऊन बसते आणि छत न उघडता घरी परतते. आज दुपारपासून आकाश स्वच्छ झालंय. तुम्ही सगळे माझ्याकडे बघताय. तिसऱ्या रांगेतल्या एक बाई मात्र मी बोलायला लागल्यापासून खिडकीकडे बघताहेत.

मी त्या दिवशी बाईंना विचारलं होतं, "तुम्ही स्वतः नाही का बघणार?" तर म्हणाल्या, "ज्याचा दावा टेबलावर आहे ते संपादकाने दुर्बिणीतून बघायचं नसतं. डोळ्याला आशा असते. संपादकाने कागद बघायचा." इतकी वर्षं त्यांनी हे पाळलं. जगातल्या ताऱ्यांची वकिली आणि न्यायनिवाडा करणाऱ्या या बाईंनी वादातला एकही तारा कधी डोळ्यांनी पाहिला नाही.

पण आज सकाळी त्यांनी खुर्चीचा ताबा दिला. सह्या झाल्या. मी साक्षीदार आहे. या क्षणी त्या कशाच्याही संपादक नाहीत, मंडळी!

म्हणून माझं भाषण इथेच आवरतं घेतो. अध्यक्षमहोदयांचे आभार, त्यांनी मला वेळ दिला. आपले आभार, आपण तो घालवू दिलात. छापखान्याचे आणि सासूबाईंचे आभार वेगळे मानायला शब्द अपुरे आहेत. बोलण्याच्या भरात थट्टा सीमेबाहेर गेली असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा निबंध आठवला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. आणि तिसऱ्या रांगेतल्या बाई, तुम्ही उठा. माझी क्षमायाचना संपायची वाट बघू नका. गाडी दाराशी उभी आहे, सूर्य कलतोय. बाई, तुम्हीही उठा. शाल गाडीत घ्या, वेधशाळेच्या गच्चीवर गारठा असतो. हार आम्ही सासूबाईंना घालतो.

वाट द्या हो त्यांना, वाट द्या.